संग्रहातल्या चाकूच्या पात्यावर अचानक गंज दिसला तर

गंजाने जेवढी पाती वाया जात नसतील, तेवढी तो गंज घाईघाईने घासून काढण्यात जातात. तारेची घासणी, लिंबू-मीठ किंवा धारवाल्याचं चाक वापरलं की डाग जातो. त्याबरोबर कारखान्याचा शिक्काही पुसट होतो, मूळ फिनिश जातं आणि पात्याच्या पाठीच्या, म्हणजे धारेसमोरच्या जाड बाजूच्या, कडा गोल होतात. भाजीच्या सुरीला हे चालून जाईल. संग्रहातल्या चाकूची किंमत मात्र नेमकी याच गोष्टींवर ठरते, आणि घासून गेलेलं पोलाद परत येत नाही. त्यामुळे सगळ्यात सौम्य उपाय आधी करायचा, आणि गंज वाढायचा थांबला की आपणही थांबायचं. पातं नव्यासारखं चकचकीत करणं हे वेगळं काम आहे आणि बहुतेक चाकूंच्या बाबतीत ते करूच नये.

आधी नुसतं बघा

डाग दिसल्याबरोबर कोरडं फडकं मारू नका. गंजाचे सुटे कण टणक असतात आणि पुसताना पात्यावर बारीक चरे पाडत जातात. घडीचा चाकू असेल तर उघडझाप बंद करा, नाहीतर गंजाचा चुरा सांध्यात शिरून पिनेभोवती दळला जातो. तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे, पाठीचे आणि शिक्क्याचे फोटो काढा. नंतर डाग वाढला की तेवढाच राहिला, हे आठवणीवर सांगता येत नाही.

आता सोनार वापरतात तसं दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि गंजाचा प्रकार ठरवा. नारिंगी, भुरभुरीत, बोटाला लागणारा गंज जिवंत असतो. तो वाढणारच, म्हणून त्याला आजच थांबवायचं. काळा किंवा गडद तपकिरी, पोलादाला घट्ट धरून बसलेला थर बहुधा जुना असतो आणि बऱ्यापैकी स्थिर असतो. राखाडी-निळसर झाक असेल आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर तो गंज नव्हेच. ती पटिना, म्हणजे कार्बन स्टीलवर वापराने येणारी छटा. अनेक संग्राहक ती मुद्दाम जपतात.

शंका असेल तर जुन्या पांढऱ्या बनियनच्या तुकड्यावर मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाका आणि डागावर हलकेच टेकवून उचला. फडक्यावर नारिंगी उमटलं तर गंज जिवंत आहे. काहीच उमटलं नाही आणि डागावरून नख फिरवताना अडकलं नाही, तर घाई करण्यासारखं काही नाही. नख खाली अडकलं तर तिथे खड्डा पडलेला आहे.

कशाला घरी हात लावू नये

कट्यार, बिचवा, पेशकब्ज, जुना जांबिया अशा वस्तूंवर कोफ्तगिरी असेल तर तिथे काहीही घासू नका. कोफ्तगिरीत पोलादाच्या पृष्ठभागावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून त्यात सोन्याचांदीची तार ठोकून बसवलेली असते. तिच्याखाली गंज शिरला असेल तर फडक्याच्या एका ओढीतही ती उचलली जाते. जौहरदार पोलादाचंही तसंच आहे. पात्यावरची लाटांसारखी नक्षी पृष्ठभाग घासला की फिकी होते आणि ती परत उठवायला आम्लाचं काम जाणणारा माणूस लागतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते. अशा वस्तूला तेलाचा पातळ हात द्या, कोरड्या जागी ठेवा आणि धातूच्या जतनाचं शिक्षण घेतलेल्या संरक्षकाला दाखवा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी घेतलेल्या वस्तूचं वय कळत नसेल, तर ती जुनीच आहे असं धरून चाला.

इथून पुढचं सगळं आधुनिक चाकूंसाठी आहे: कारखान्यात बनलेले, हल्लीच्या कारागिरांनी घडवलेले, घडीचे किंवा सरळ पात्याचे.

पोलाद कोणतं आहे

1095, ओ1, 52100 आणि कमानीच्या पट्ट्यांचं 5160 ही कार्बन स्टीलं सहज गंजतात. त्यांच्यात क्रोमियम नसतं किंवा अगदी थोडं असतं. डी2 मध्ये सुमारे 12 टक्के क्रोमियम असूनही ते पूर्ण स्टेनलेस नाही. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असल्यामुळे बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या टणक कणांत, अडकून पडतं आणि पृष्ठभागाच्या रक्षणाला कमी उरतं. ‘स्टेनलेस समजून घेतला आणि गंजला’ या तक्रारीतला चाकू पुष्कळदा डी2 चाच निघतो. 440सी आणि व्हीजी-10 बरेच टिकतात, पण मीठ, ब्लीच किंवा घामाचा डाग तसाच राहिला तर त्यांच्यावरही ठिपके पडतात. वाळूच्या माऱ्याने खरबरीत केलेलं स्टेनलेस पातं गुळगुळीत पात्यापेक्षा लवकर डागतं, कारण बारीक खळग्यांत ओल आणि क्षार साठून राहतात.

गंज आला कुठून

हा प्रश्न सोडवल्याशिवाय साफसफाई केलीत तर महिन्याभरात तीच साफसफाई पुन्हा करावी लागेल. गंज कुठे आला आहे यावरून कारण बरंच कळतं.

पात्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे म्यान टेकतं तिथेच डाग असतील तर दोष चामड्याचा. चामडं ओल शोषतं आणि पात्याला चिकटवून ठेवतं. वर कमावताना वापरलेली टॅनिन, आम्लं आणि क्षार त्यात असतातच. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा 80 टक्क्यांच्या वर दमट असते तेव्हा म्यानात ठेवलेलं कार्बन स्टील सुरक्षित नाही, मग म्यान कितीही महागाचं असो. म्यान आणि चाकू शेजारी-शेजारी पण वेगळे ठेवायचे.

बोटाच्या ठशाच्या आकाराचा गंज असेल तर कुणीतरी पातं हाताळून न पुसता ठेवलं आहे. घामातले क्लोराइड पोलादाचे शत्रू. पाहुण्यांना संग्रह दाखवला की त्याच संध्याकाळी प्रत्येक पातं पुसून ठेवा.

ऑक्टोबरात गंज उगवला असेल तर खंडेनवमी आठवा. पूजेत पात्याला ओलं गंध, हळद-कुंकू लागतं, वर झेंडू आणि अक्षता असतात आणि बऱ्याच घरांत ते दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहतं. ओलं कुंकू आणि फुलांचा रस कार्बन स्टीलला एका रात्रीत डाग पाडतात. पूजा जरूर करावी. आदल्या दिवशी पात्याला मेणाचा हात द्यावा, गंध मुठीला किंवा म्यानाला लावावं आणि आरतीनंतर त्याच रात्री पातं स्पिरिटने पुसून घ्यावं.

नक्षीदार दमास्कस, म्हणजे वेगवेगळ्या पोलादांचे थर जोडून घडवलेल्या, पात्याच्या थरांच्या रेषांतूनच गंज पुन्हा-पुन्हा येत असेल तर तो कारागिराकडून राहिलेल्या आम्लाचा परिणाम असू शकतो. नक्षी उठवायला फेरिक क्लोराइड वापरतात. ते नीट निष्प्रभ केलं नाही तर क्लोराइड बारीक रंध्रांत राहतं आणि वरून कितीही तेल लावलं तरी आतून काम करत राहतं. याचा उपाय पुढे दिला आहे.

सगळ्यात फसवं कारण सेल्युलॉइडचं. जुन्या खिशातल्या चाकूंच्या मुठी कधी कासवाच्या पाठीसारख्या, कधी शिंपल्यासारख्या चमकदार किंवा पिवळसर पारदर्शक असतात. त्यातल्या कित्येक सेल्युलॉइडच्या, म्हणजे सेल्युलोज नायट्रेटच्या. हे प्लास्टिक म्हातारं झालं की विघटित होतं आणि त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात. गंज मुठीजवळ आणि आतल्या स्प्रिंगवर सुरू होतो, मूठ आक्रसते किंवा तिला तडे जातात, कापरासारखा किंवा आंबूस उग्र वास येतो. आणि त्याच डब्यातले शेजारचे धडधाकट चाकूही गंजू लागतात. डब्यात एकदम तीन-चार चाकू गंजलेले दिसले तर आधी असा एखादा आजारी चाकू त्यात आहे का ते शोधा.

शिवाय नवं प्लायवूड किंवा एमडीएफचं कपाट, त्यातला डिंक, फोमची गादी असलेली पेटी, वर्तमानपत्राचं वेष्टन आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेला खण, ही कारणं तपासून घ्या. एसीतल्या थंड खोलीतून चाकू दमट हवेत आणला की त्यावर दव धरतं, तेही विसरू नका.

सामान

बोहरी आळीत एका चकरेत जवळजवळ सगळं मिळतं: नायट्राइल हातमोजे, मास्किंग टेप, 0000 नंबरची स्टील वूल (लाकूड पॉलिशच्या सामानात मिळते), 1500 आणि 2000 नंबरचा वॉटर पेपर, धातूच्या पॉलिशची छोटी ट्यूब. 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, शिलाई मशीनचं तेल, बांबूच्या काड्या, टूथपिक, साधा पांढरा खोडरबर आणि बोटाएवढी तांब्याची पट्टी. पट्टी तांबट आळीत भंगारातलीही चालेल, फक्त तिची कड धारदार किंवा खरबरीत नसावी. मेणासाठी रेनेसाँ वॅक्स उत्तम. ते मागवणं परवडत नसेल तर गाडीचं साधं कार्नोबा मेण घ्या. मात्र डबीवर ‘क्लीनर’ किंवा ‘कटिंग’ लिहिलेलं नको, त्यात घासणारी पूड असते.

काम सुरू

मुठीला आणि धारेला मास्किंग टेप लावा. धारेची टेप दुहेरी दुमडून लावा, कारण या कामात होणाऱ्या जखमा बहुतेक पुसताना होतात. पातं सपाट लाकडी फळीवर आडवं ठेवा, धार फळीच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. हात नेहमी पाठीकडून धारेकडे किंवा पात्याच्या लांबीने न्यायचा. धारेकडून पाठीकडे कधीच नाही.

कापसाच्या बोळ्यावर अल्कोहोल घेऊन पात्यावरची जुनी चिकटण आणि बोटांचे ठसे काढा. मुठीला अल्कोहोल लागू देऊ नका. लाखेचं पॉलिश त्यात विरघळतं, सेल्युलॉइड आणि अॅक्रिलिकला तडे जाऊ शकतात.

पातं वाळलं की प्रत्येक डागावर मशीनच्या तेलाचा थेंब ठेवा आणि बारा ते चोवीस तास तसंच राहू द्या. हीच पायरी लोक गाळतात. तेल गंजाच्या सच्छिद्र थरात शिरतं, त्याची पकड सैल करतं, आणि दुसऱ्या दिवशी अर्धं काम फडक्यानेच होतं. डब्ल्यूडी-40 ओलं पातं कोरडं करायला छान आहे, पण त्याचा थर पातळ असतो आणि लवकर उडून जातो. भिजवायला मशीनचं तेल बरं.

दुसऱ्या दिवशी तेलासकट डाग टिपून घ्या. उरलेल्या गंजावर बांबूची काडी तिरकी धरून छोट्या-छोट्या ढकलींनी काम करा. काडी तेलात बुडवा, टोक गंजाने तपकिरी झालं की छाटून नवं करा. बांबूने न उचललेल्या टणक पापुद्र्यासाठी तांब्याची पट्टी आहे. तांबं कडक केलेल्या पोलादापेक्षा पुष्कळ मऊ, म्हणून ते गंज उचलतं आणि पात्याला चरा पाडत नाही. पट्टी जवळजवळ आडवी धरा, तेल भरपूर ठेवा आणि भिंगातून बघत चला. पात्यावर गुलाबीसर पुसट रेघ उमटली तर घाबरू नका. ते तांबं आहे, खोडरबरने जातं.

इथपर्यंत आल्यावर थांबा आणि नारिंगी काही उरलंय का ते बघा. उरलं नसेल तर काम संपलं, थेट संरक्षणाच्या पायरीवर जा. पुसट सावलीसारखा डाग राहिला असेल तर राहू द्या. त्यासाठी पुढच्या पायऱ्या चढण्यात फायदा कमी आणि धोका जास्त.

अजून जिवंत गंज असेल तर कार्बन स्टीलवर 0000 स्टील वूल वाटाण्याएवढी घेऊन, तेलात भिजवून, फक्त डागावर आणि मूळ फिनिशच्या रेषांच्या दिशेनेच फिरवा. गोल-गोल फिरवलंत तर तो गोल कायमचा दिसेल. स्टेनलेसवर ही वूल वापरू नका. तिचे कण पृष्ठभागात रुततात आणि पुढे तेच गंजतात. तिथे ब्राँझ वूल किंवा सुती फडक्यावर पॉलिश पेस्ट वापरावी.

पॉलिश पेस्ट आरशासारख्या पात्यावर बरी. सॅटिन, म्हणजे बारीक रेषांच्या मंद चमकेच्या, फिनिशवर ती चकचकीत ठिपका सोडते आणि तो डागापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. आधी मुठीजवळच्या बिनधारेच्या सपाट भागात, शिक्का सोडून, मुगाच्या दाण्याएवढ्या जागेवर करून बघा. काळा लेप, निळवणी (रसायनाने चढवलेला निळसर-काळा थर) किंवा छापील लोगो असलेल्या भागावर पेस्ट नकोच. पितळी भाग शेजारी असेल तर अमोनिया असलेलं पॉलिश तिथपर्यंत जाऊ देऊ नका. ते सांध्यात राहून पितळ खात बसतं.

वॉटर पेपर शेवटचा. 2000 पासून सुरुवात, पेपर खोडरबरवर गुंडाळलेला, तेल लावून, एकाच दिशेने. त्याने डाग हलला नाही तरच 1500. याहून खरबरीत पेपर लागतोय असं वाटलं, तर तो गंज नसून खड्डा आहे. खड्डा घासून काढायचा म्हणजे त्याच्याभोवतीचं सगळं पोलाद त्याच्या खोलीपर्यंत उतरवायचं, आणि त्याने पात्याचा आकारच बदलतो. खड्ड्यातला सुटा गंज टूथपिक आणि तेलाने काढा, तळाशी काळं राहिलं तर राहू द्या. नंतर विकायची वेळ आली तर खड्डे दाखवून विका. घासलेल्या पात्यापेक्षा जाणकार त्याला बरी किंमत देतात.

हे कधीच नको

व्हिनेगर, लिंबूफूल, चिंच, कोलाची बाटली: सगळी आम्लं गंजाबरोबर चांगलं पोलादही खातात आणि करडा, मेलेला पृष्ठभाग मागे ठेवतात. तांब्या-पितळेची भांडी घासायची पूड पोलादासाठी नाही. फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर गेटच्या जाळीसाठी चांगलं, पात्यावर काळा लेप चढवतं. विजेची मोटर, बफ, धारेचं चाक यांचा धोका उष्णतेचा. साधं कार्बन स्टील बऱ्याचदा 200 अंश सेल्सियसच्या आसपास टेंपर केलेलं, म्हणजे कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवलेलं, असतं. पातळ धारेला चाक लागलं की क्षणात त्याच्या वर तापमान जातं आणि धारेवर निळी झाक दिसली म्हणजे तिथलं पोलाद मऊ पडलं.

दमास्कसचं आम्ल काढायचं असेल तर

एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा विरघळवा. फक्त पातं, मूठ वर ठेवून, पंधरा मिनिटं त्यात धरा आणि मऊ टूथब्रशने रेषांतून फिरवा. मग बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात दोनदा खळबळून घ्या. नळाच्या पाण्याने शेवट करू नका, त्यातही थोडे क्लोराइड असतात. लगेच टिपा, अल्कोहोल फिरवा, हेअर ड्रायरने पातं हाताला सोसेल इतकं गरम करा आणि गरम असतानाच तेल लावा. आठवड्याने पुन्हा गंज दिसला तर हीच कृती परत करा.

घडीच्या चाकूचा सांधा

पातं अर्धं उघडून, सांधा खाली करून, आत अल्कोहोलचे थेंब सोडा आणि तपकिरी पाणी टिपत राहा. स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवा. मूठ सेल्युलॉइडची असेल तर अल्कोहोलऐवजी नुसतं तेल. स्क्रू असलेला चाकू उघडता येतो, पण त्याआधी कंपनीची वॉरंटी त्याने जाते का ते बघा. पिनेने ठोकलेला चाकू उघडायला जाऊ नका. शेवटी सांध्यात एक थेंब तेल, स्प्रिंगच्या पाठीवर एक.

पुन्हा गंज येऊ नये म्हणून

पातं अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा आणि हातमोजे घाला. यापुढे उघडं बोट नको. ठेवणीतल्या चाकूला मेण: मुगाएवढं मेण फडक्यावर घेऊन पातळ थर द्या, पाच मिनिटांनी स्वच्छ फडक्याने चोळा, तासाभराने दुसरा थर. अधूनमधून वापरात येणाऱ्या चाकूला तेल, दहा सेंटीमीटरच्या पात्याला दोन थेंब पुष्कळ झाले. खाण्याच्या पदार्थाला लागणार असेल तर औषधाच्या दुकानातलं शुद्ध लिक्विड पॅराफिन घ्या. बद्धकोष्ठासाठीचं दुधाळ, चवीचं मिश्रण नको. खोबरेल लावू नका. ते कालांतराने खवट होऊन आम्लधर्मी बनतं आणि पुण्याच्या थंडीत पात्यावर गोठून बसतं. जवसाचं तेल वाळून चिकट थर होतो.

ठेवायला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांपासून मिळणारा आर्द्रतामापक. वीस-पंचवीस लिटरच्या डब्याला 150 ते 200 ग्रॅम जेल धरा. काटा 40 ते 50 टक्क्यांत हवा. साठच्या वर गेला की पोलाद धोक्यात, आणि चाळिसाच्या फार खाली गेला तर शिंगाच्या आणि लाकडाच्या मुठी तडकतात. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, म्हणून नारिंगी रंगाची घ्या.

पुणेकरांच्या हाताशी आणखी एक सोय आहे. भोसरी-चाकणचे कारखाने सुटे भाग पाठवताना व्हीसीआय कागदात गुंडाळतात. या कागदातून सुटणारी वाफ धातूवर अतिशय पातळ संरक्षक थर धरते. पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे तो सुटा मिळतो. प्रत्येक पातं वेगळं गुंडाळा, बंद पिशवीत ठेवा आणि कागद दर वर्षी-दोन वर्षांनी बदला. घेताना तो लोखंडासाठीचा आहे ना ते विचारून घ्या, कारण पितळ आणि चांदीसाठी कागद वेगळे असतात.

सेल्युलॉइडची मूठ असलेला चाकू मात्र बंद डब्यात कधीच नको. त्याला इतर चाकूंपासून दूर, हवेशीर, थंड जागी, उन्हापासून आणि आगीपासून लांब ठेवा. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं.

साफ केलेलं पातं चोवीस तासांनी भिंगाखाली बघा, मग आठवड्याने. तोवर नवं काही दिसलं नाही तर जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी आणि एरवी दोन महिन्यांतून एकदा पुरे. बघताना सुरुवातीचे फोटो शेजारी ठेवा, आणि त्याच तिरप्या उजेडात नवे काढून तारखेसह त्याच फोल्डरमध्ये टाका.